चौतीस खुणा

पत्र्याच्या शेडमध्ये चार माग होते. चार मागांना मिळून आडवा धागा नेणारे आठ धोटे, सूत भरायचं एक यंत्र, तेलाचे दोन डबे, एक बाक आणि छताला लोंबणारे दोन दिवे. कामाची माणसं तीन: विणकर, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. आणि खुणा चौतीस.

खुणांशिवाय तिथे गत्यंतर नव्हतं. चारही माग चालू झाले की पत्रासुद्धा थरथरायचा. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही. म्हणून विणकराच्या बापाच्या काळापासून त्या घरात हातांनी आणि ओठांनी बोलत. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ उलटी केली की कांडी संपली. धोट्यात बसवायच्या त्या बोटभर जाड कांड्यांवर सूत भरायचं काम बायकोचं. पाणी आण, तेल घाल, माग थांबव, जेवून घे, जरा बस. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले की म्हातारीचे गुडघे दुखताहेत. ओठावरून बोट फिरवलं की सूत देणारा व्यापारी आला, कारण त्याला झुपकेदार मिशी होती. त्यानं मिशी काढून बरीच वर्षं झाली, पण खूण तशीच राहिली. आता तोच दारात उभा राहून ओठावरून बोट फिरवायचा आणि आत यायचा.

विणकराची आठ वर्षांची पोर दिवसभर या चार मागांमधून गरगरत असायची, म्हणून तिला भिंगरी म्हणत. तिला खुणा शिकवाव्या लागल्या नाहीत. विणकरानं शेडच्या त्या टोकाला नुसती मूठ वळवायची खोटी, की ही कांडी घेऊन हजर. तोंडातून मात्र तिच्या दोन-चार आवाज यायचे, त्यातला एक 'आ' म्हणजे आई.

"हासुद्धा पाच वर्षांचा होईपर्यंत घुम्यासारखा बसायचा," म्हातारी लेकाकडे बोट दाखवून सांगायची. "नंतर असा सुटला की गप्प करायला पैजा लावाव्या लागल्या."

गेल्या वर्षी तिला चार दिवस शाळेत बसवलं तेव्हा मास्तरांनी वाटेत थांबवून सांगितलं होतं, "पोर मठ्ठ आहे हो. पाचदा हाक मारली तरी बघत नाही." विणकराला ते झोंबलं होतं. "शेडमध्ये येऊन बघा एकदा," तो म्हणाला होता. "तुम्हाला कळायच्या आत तिला कळलेलं असतं." मास्तर आले नाहीत आणि विणकरानं शाळेचा विषयच सोडून दिला.

उन्हाळा भरात असताना गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

वायरमन आला, खांबावर चढला, उतरला आणि "वर कळवलंय" म्हणून गेला. पुढेही तो जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा वरच कळवलेलं होतं. मागांच्या चारही बीमांवर, सूत गुंडाळलेल्या त्या जाड रुळांवर, कापड अर्धं विणून अडकलं होतं. व्यापारी येऊन त्या कापडावर हात फिरवायचा, जणू आजारी गुराच्या पाठीवर फिरवतोय, आणि निघून जायचा. विणकरानं चारही माग खोलून पुसले. मग पुन्हा पुसले. रिकामे हात त्याला कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

पहिले काही दिवस घरातली माणसं सवयीनं ओठ मोठे करून, हातवारे करत बोलत राहिली. मग त्यांच्या ध्यानात आलं की त्याची गरज नाही. विणकर खाटेवर उताणा पडून छताशी बोलू लागला. बायको भांडी घासता घासता, पाठमोरी, भिंतीपलीकडून बोलू लागली. म्हातारी तर पदरात तोंड खुपसूनच पुटपुटायची. शांत घरात सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि भिंगरी दिवसेंदिवस बावळटासारखी वागायला लागली.

"भिंगरे, पाणी आण."

ती दाराशी बसून तुटक्या सुताचे रंग वेगळे करत होती. तिनं मान वर केली नाही.

"शेफारली आहे," विणकर म्हणाला. "माग बंद पडले तशी ही पण बंद पडली."

"तुम्ही उठून घेतलंत तर हात झिजतील का?" बायको पलीकडून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मोटरचा नट सैल करत होता. घामानं हात निसटला आणि किलोभर वजनाचा पाना खाली रिकाम्या डब्यावर पडला. म्हातारी "मेले" म्हणून उठून बसली. छपरावरचे कावळे उडाले. बायको ओल्या हातांनी धावत आली. भिंगरी डब्यापासून वीतभर अंतरावर होती. तिनं निळं सूत निळ्यात ठेवलं, मग लाल उचललं आणि लालात ठेवलं.

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पाना उचलला आणि या वेळी मुद्दाम टाकला.

भिंगरीनं पिवळं सूत उचललं.

शहरातल्या तपासणीच्या खोलीला जाड दार होतं. आत भिंगरीच्या कानांवर दोन वाट्या बसवल्या. आवाज आला की बटण दाबायचं, हे तपासनीस बाईंनी हातांनी सांगितलं आणि भिंगरीला ते एका दमात समजलं. विणकर बाहेर बाकावर बसला. दार उघडून बाईंनी त्याला तीनदा हाक मारली, मग येऊन खांद्याला हात लावला.

"आत कोणाला बसवायचं होतं नक्की?" त्या म्हणाल्या. "काम काय तुमचं?"

"माग."

"मग तुमचाही नंबर लावते कधीतरी."

त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. चांगल्या कानाची रेघ वर असते, हिची पार तळाशी होती. उजव्या कानाला नव्वद डेसिबलच्या खालचं ऐकू येत नाही, डाव्याला पंच्याण्णवच्या. म्हणजे जवळून ट्रक गेला तर जेमतेम कळेल. जन्मापासूनच असावं. कानातलं यंत्र मिळेल, त्यानं आवाज थोडा येईल, शब्द उमगतील याची हमी नाही.

"आठ वर्षं तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?"

"आमच्याकडे कोणालाच काही ऐकू येत नाही," विणकर म्हणाला. मग त्याला वाटलं, हे काही उत्तर नव्हे.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. गावातल्या शाळेत बसायचा तिला हक्क आहे. तिथे आठवड्यातून एकदा एक फिरत्या बाई येऊन मदत करतील. नाहीतर शहरात बहिऱ्या मुलांची शाळा आहे. तिथे राहावं लागेल.

"राहायचं म्हणजे?"

"राहायचं म्हणजे राहायचं. सुट्टीत घरी."

"आमची पोर आमच्यात राहील," विणकर म्हणाला.

उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर ती गावातल्या शाळेत जाऊ लागली. तिथे एका खोलीत दोन वर्ग बसत. मास्तर वाईट माणूस नव्हते. कान तपासल्याचं ऐकून ते बराच वेळ खडू बोटांत फिरवत राहिले. "मी मठ्ठ म्हणालो होतो," ते म्हणाले.

"मी तरी कुठे ऐकलं," विणकर म्हणाला.

फिरत्या बाई सायकलवरून आल्या. त्यांनी भिंगरीचा बाक खिडकीच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत तिरका लावला. तिच्या पाठीमागून उजेड आला की समोर बोलणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि तिरकं बसलं की बाकीच्या मुलांची तोंडंही दिसतात, हे त्यांनी समजावलं. बाक जड होता म्हणून विणकर स्वतः तो उचलायला गेला. "मास्तर, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "आधी लिहा, मग वळा, मग बोला."

मास्तरांनी ते पाळलं. आठवडाभर ते लिहायचे, वळायचे, बोलायचे, आणि मागच्या मुली हसू दाबायच्या. पण खोलीत पन्नास पोरं. एकीकडे हिशेब, दुसरीकडे भांडण. वीज अजून आली नव्हती आणि विणकर रिकामाच होता, म्हणून खिडकीबाहेरच्या झाडाखाली जाऊन उभा राहायचा. एक दिवस त्यानं पाहिलं, मास्तर फळ्याकडे तोंड करून, एका हातानं लिहीत, दुसऱ्या हातानं मागच्या पोरांना दटावत बोलत होते. वर्ग हसला. भिंगरीनं इकडेतिकडे पाहिलं आणि सगळे हसून झाल्यावर तीही हसली.

ती फळ्यावरचं मात्र सगळं उतरवून घ्यायची. अक्षर मोत्यासारखं. विणकर ती वही व्यापाऱ्याला दाखवायचा, वायरमनला दाखवायचा. "बघा. एक काना चुकलेला नाही."

मग चाचणी झाली आणि मास्तरांनी त्याला बोलावलं. भिंगरीचा पेपर समोर ठेवला. सगळी उत्तरं बरोबर होती. वर नावाच्या जागी शेजारच्या मुलीचं नाव होतं, तेही सुवाच्य.

"तिला काय वाटतं माहीत आहे का?" मास्तर म्हणाले. "तिला वाटतं शाळा म्हणजे हेच. समोर दिसेल ते कागदावर आणायचं. मी पन्नासांत दुसरं काय शिकवू सांगा. तिला ठेवा, मी नाही म्हणणार नाही. पुढच्या वर्गात ढकलीनसुद्धा. सगळेच ढकलतील."

विणकर पेपराची घडी घालत राहिला. घडी जितकी लहान होईल तितकी त्यानं केली.

"बघून तर येऊ," बायको म्हणाली. "बघितल्यानं पोर तिथे चिकटत नाही."

"लेकराला जिवंतपणी घराबाहेर?" म्हातारी म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर?"

"आई, तुमचे डोळे तिला पुरेसे असते तर प्रश्नच नव्हता."

शहरातल्या शाळेत गेले तेव्हा जेवणाची वेळ होती. लांब खोली, दोन रांगा, ताटांचा खणखणाट, आणि त्या खणखणाटावर एकही आवाज नाही. पोरांचे हात चालले होते. एका टोकाचा मुलगा दुसऱ्या टोकाच्या मुलाशी भांडत होता आणि मधली वीस पोरं दोघांना चढवत होती. विणकराच्या खांद्यांवरचा ताण उतरला. त्याला वाटलं, हे तर आपलंच शेड.

त्यानं एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीला मोकळेपणानं पाण्याची खूण केली. तिनं पाहिलं, खांदे उडवले, हसली, मग त्याचा हात धरून बोटं नीट वळवून दिली. पाणी असं. मग ती भिंगरीसमोर उकिडवी बसली, भुवया उंचावल्या, तळवा उघडा केला आणि हातांनी काहीतरी म्हणाली. भिंगरीनं थोडा वेळ विचार केला. मग दोन बोटांची कात्री करून दाखवली. धागा तुटला. मुलगी थांबून राहिली. भिंगरीनं मूठ उलटी केली. कांडी संपली. त्यापुढे तिच्याकडे काही नव्हतं.

शाळेच्या मोठ्या बाई पांढऱ्या केसांच्या, तुटक बोलणाऱ्या होत्या.

"घरी कळतं तिला सगळं?"

"सगळं. माझ्याआधी कळतं."

"किती खुणा आहेत तुमच्या?"

त्यानं बोटांवर मोजल्या. बायकोनं विसरलेल्या दोन आठवून दिल्या. चौतीस झाल्या.

"'का' अशी आहे एखादी?"

विणकरानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"साधं काम सांगते," मोठ्या बाई म्हणाल्या. "घरी जा आणि एक दिवस मोजा, ही किती प्रश्न विचारते. मागणं धरायचं नाही. पाणी हवं, हे मागणं. पाणी कुठून येतं, हा प्रश्न. हिच्या वयाचं पोर आईचं डोकं खातं. हिनं किती खाल्लं ते बघा. नाही आलात तरी चालेल, मोजा मात्र."

ते घरी आले त्याच आठवड्यात वीज आली. चारही माग एकदम सुरू झाले, पत्रा थरथरला आणि म्हातारीनं बाकावरून हात जोडले. भिंगरी पुन्हा हुशार झाली. मूठ वळली की कांडी, अंगठा दिसला की पाणी. विणकराची छाती फुलली. यापुढे कोण काय म्हणणार होतं?

बायकोनं मात्र एक रिकामी टोपली बाकाखाली ठेवली. शेजारी रिकाम्या कांड्यांचा ढीग. एक प्रश्न, एक कांडी, तिनं ओठ मोठे करून नवऱ्याला सांगितलं.

सकाळ गेली. भिंगरीनं तेल आणलं, कांड्या पोचवल्या, तुटलेला धागा दाखवला. एकदा ती विणकराच्या सदऱ्याला धरून उभी राहिली आणि त्याचा हात टोपलीकडे गेला, पण तिला फक्त भूक लागली होती. त्यानं हात मागे घेतला. व्यापारी आला, ओठावरून बोट फिरवत. भिंगरीनंही बोट फिरवलं. तो का आला, कापड घेऊन कुठे जातो, हे तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. विणकर आता मागाकडे कमी आणि पोरीकडे जास्त पाहत होता. त्यामुळे दोनदा धागा तुटून कापडात फट पडली. तसं त्याच्या हातून कधी होत नसे.

दुपारी बायको वळली तेव्हा टोपलीत एक कांडी होती. तिनं माग थांबवायची खूण केली. आवाज उतरत उतरत थांबला.

"आई, ही कशाची?"

"मला विचारलं तिनं," म्हातारी म्हणाली. "गुडघे दुखतात का म्हणून."

"ती खूण तुम्ही केलीत आधी. तिनं तीच परत केली. मी बघत होते."

"तेवढं विचारणंच असतं म्हाताऱ्या माणसाला."

"असेल. पण हा तिचा प्रश्न नव्हे."

बायकोनं कांडी उचलून ढिगात टाकली. म्हातारीनं तोंड पदरात घेतलं. भिंगरी तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होती. माग का थांबले होते, हे तिनं विचारलं नाही.

दिवे लागेपर्यंत टोपली तशीच राहिली. विणकर तिच्यासमोर उकिडवा बसला आणि टोपलीच्या तळाच्या विणीवरून बोट फिरवत राहिला.

"एक दिवस धरून काय होतं," तो म्हणाला. "उद्या परत मोजू."

"उद्या मोजा. परवाही मोजा," बायको म्हणाली. "टोपली मी उचलत नाही."

टोपली तिथेच राहिली. चौथ्या दिवशी विणकरानं माळ्यावरून पेटी काढली आणि तिची बिजागरी तेल घालून मोकळी केली.

वसतिगृहाच्या दाराशी भिंगरीनं त्याचं बोट घट्ट धरलं होतं. खाट दाखवून झाली, खुंटी दाखवून झाली, पेटी खाटेखाली गेली. आता निघायचं. मी परत येईन, याची खूण चौतिसांत नव्हती. घरातलं कोणी घर सोडून कधी गेलंच नव्हतं. 'जेवून घे' ही होती. त्यानं ती केली. तिनं मान डोलावली आणि खरोखर जेवणाच्या खोलीकडे चालू लागली. वळून पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीकडे तोंड करून बसली. "पुढच्या महिन्यात भेटायला देतात," विणकर म्हणाला. बसचा खडखडाट फार होता, त्यामुळे तिनं ऐकलं नाही की उत्तर दिलं नाही, ते त्याला समजलं नाही.

पहिल्या मोठ्या सुट्टीत भिंगरी घरी आली. केस आखूड कापलेले, एक पुढचा दात नवा. म्हातारीनं तिला हातापायांना चाचपून पाहिलं आणि "वाळली" असं जाहीर केलं. ती वाळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू व्हायच्या आधी बायकोनं दोन टोपल्या आणल्या, एक मोठी आणि एक लहान.

"दोन कशाला?"

"लहान तुमच्यासाठी. तिनं विचारलेलं तुम्हाला कळलं, तर कांडी लहानीत. नाही कळलं तर मोठीत. खोटं बोलायचं नाही."

"मला नाही कळणार तर कोणाला कळणार?"

माग सुरू झाले. कांडी आणायला भिंगरी पूर्वीसारखीच धावली, पण कांडी हातात देण्याआधी थांबली. भुवया वर गेल्या, तळवा उघडला. मग हातांनी भराभर चार-पाच आकार केले, त्यात धोटा एवढंच त्याला ओळखू आलं. त्यानं मान डोलावली. मान डोलावणं हे उत्तर नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मोठ्या टोपलीकडे बोट केलं.

व्यापारी आला, ओठावरून बोट फिरवत. भिंगरी त्याच्यासमोर जाऊन त्याचा वरचा ओठ निरखत राहिली, मग बापाकडे वळली. भुवया, तळवा, ओठावरून बोट. मिशी तर नाही. मग? हे विणकराला लख्ख कळलं. त्यानं माग थांबवला, तेलकट बोटानं भिंतीवर एक चेहरा काढला आणि त्याला जाड मिशी काढली. मग बोटांची कात्री करून ती कापल्याचं दाखवलं. भिंगरी इतकी हसली की म्हातारीही हसली आणि व्यापाऱ्यानं ओशाळून ओठ झाकला. बायकोनं कांडी लहान टोपलीत टाकली.

दुपारी ती त्याच्या मागे मागेच होती. बीमाकडे बोट, भुवया, तळवा. दिव्याकडे बोट. आजीच्या गुडघ्यांकडे बोट, मग दोन्ही हातांनी काहीतरी लांबलचक, मध्येच आकाशाकडे, मध्येच आजीकडे. विणकरानं अंदाजानं 'जेवून घे' अशी खूण केली. तिनं मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं; सावकाश, एकेक बोट वेगळं करून, मठ्ठ पोराला सांगावं तशी. मग तिनं त्याचा हात धरला आणि त्याची बोटं वळवू लागली. तेलानं ती पुन्हा पुन्हा निसटत होती. तिनं आपल्या फ्रॉकला ती पुसली आणि परत वळवली.

संध्याकाळी माग थांबले. बायकोनं दोन्ही टोपल्या बाकावर ओतल्या आणि विणकरानं मोजलं. मोठ्या टोपलीतल्या कांड्या एकोणीस होत्या. लहानीतल्या चार.